एका शेतकरी घराण्याचा पूर्वेतिहास

श्री भैरवनाथ मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघत असलेल्या या स्मरणिकेसाठी गावच्या इतिहासावर चार शब्द लिहून द्यावेत, असा आग्रह जीर्णोद्धार समितीच्या मंडळींनी धरला. वास्तविक मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंतचे. वडील नोकरीत असता वारले, त्यांच्या मागे अनुकंपा तत्त्वावर शिपाई म्हणून लागलो आणि पुढे टंकलेखनाची परीक्षा देऊन तालुका कचेरीत लिपिक झालो. जुन्या दप्तराशी रोजचा संबंध, एवढीच काय ती माझी पात्रता. देवाची आख्यायिका व उत्सवाची माहिती इतरत्र आलेलीच आहे. म्हणून मी ठरविले की, आपल्या गावच्या एका साध्या शेतकऱ्याचा, शंभर-सव्वाशे नव्हे तर पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा माग लिहावा. काही चूकभूल झाली असल्यास वाचकांनी पदरात घ्यावी.

घराणे माझेच आहे. परंतु देऊळ साऱ्या गावाचे, त्याच्या पुस्तकात एकाच घराण्याची नावे छापून येणे बरे दिसणार नाही, असे आमच्या भावकीत ठरले. तेव्हा नावे गाळली आहेत. ज्यांना ती ठाऊक आहेत त्यांना ठाऊक आहेतच.

आमच्या घरी लहानपणापासून ऐकत आलो ती हकिगत अशी की, माझ्या पणजोबांचे आजोबा सामानगडाचे गडकरी होते आणि इंग्रजांशी लढताना त्यांनी तलवार चालविली. म्हणून पालखीचा पहिला मान आमच्या थोरल्या पातीचा. दुसरी हकिगत जरा हळू आवाजात सांगितली जाई. धाकटी पाती खरी आमची नव्हे; मूळपुरुष वारल्यावर त्याच्या बायकोने पाट लावला, त्या पाटाची ती संतती. म्हणून त्यांना मान नाही. पाट लावणे यात मला तरी कमीपणा दिसत नाही. खुद्द छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा केला. पण गावात बोलणे ते बोलणेच. या बोलण्याने धाकट्या पातीची माणसे पालखीला येईनाशी झाली त्याला माझ्या आठवणीत तीस वर्षे झाली. जीर्णोद्धाराच्या वर्गणीसाठी मंडळी त्यांच्या दारात गेली तेव्हा, "देव आमचा हाय, देऊळ तुमचं हाय," एवढेच उत्तर मिळाले.

शेतकऱ्याचा इतिहास लिहिलेला नसतो, असे आपण म्हणतो. ते पूर्ण खरे नाही. शेतकऱ्याने स्वतः लिहिला नाही हे खरे, पण त्याच्याकडून ज्याला काही घ्यायचे होते त्याने मात्र त्याचे नाव चोख लिहून ठेवले. सरकारने साऱ्यासाठी, सावकाराने कर्जासाठी, हेळव्याने दाण्यासाठी आणि क्षेत्रीच्या उपाध्यायांनी दक्षिणेसाठी.

हेळव्यांपासूनच सुरुवात करतो. आपल्या गडहिंग्लज भागात व पलीकडे बेळगाव जिल्ह्यात हेळवी दर काही वर्षांनी येतात. पूर्वी बैलावर बसून, पायांवर घोंगडी पांघरून व घंटा वाजवीत येत. आता फटफटीवर येतात. सुगी संपली की पडवीत बसून ते घराण्याची वंशावळ म्हणतात. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, कोण कोणाचा मुलगा, कोण कोठे जाऊन राहिला, हे सारे त्यांच्या वहीत असते. मोबदला म्हणून धान्य, धोतर आणि ऐपत असेल तर जनावर. आमचा हेळवी कानडी-मराठी मिसळून बोलतो. त्याच्या वहीप्रमाणे आमचे मूळ गाव येथले नव्हेच, घटप्रभेकाठचे. "मोठ्या दुकळात" दोघे भाऊ बैल घेऊन निघाले, त्यांतला एक येथे राहिला. सन तो सांगत नाही. आमच्या पिढ्या मोजल्या तर १८०३-०४ च्या दुष्काळाशी ते जुळते, त्या वेळी दक्षिणेत फार हाल झाले होते. हे ऐकून आमचे थोरले चुलते, ज्यांना सारी भावकी तात्या म्हणते, हेळव्यावर चांगलेच रागावले व त्या वर्षी त्याला धोतर मिळाले नाही.

पुढे २०२३ साली शासनाने कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि वर्षअखेरीस राज्यभरच्या कचेऱ्यांतून १९६७ पूर्वीचे दप्तर उघडले गेले. आमच्याही कचेरीत रुमाल सुटले. रुमाल म्हणजे दप्तर बांधण्याचे कापड हे नव्या मुलांना सांगावे लागते. मोडी वाचणारे एक वयस्क गृहस्थ बोलावले होते. त्यांच्यासमोर रुमाल सोडायचा, पाने उलटायची व ते सांगतील ते लिहून घ्यायचे, हे काम माझ्याकडे आले. जातीच्या रकान्यात कोणाचे काय निघाले हे मी येथे लिहिणार नाही. तो विषय सक्षम अधिकाऱ्याचा आहे. परंतु पाने उलटता उलटता आपल्या गावाचे नाव आले, आणि माझी झोप उडाली.

मोडीत वेलांटी-उकार ऱ्हस्व की दीर्घ हे पाहावयाचे नसते, दोन शब्दांत जागा नसते, लिहिणारा घाईत असला तर एक ओळ म्हणजे एक लांब दोराच. तरी ती शिकता येते. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग भरतात, हौस असणाऱ्यांनी जरूर जावे. मी मात्र त्या गृहस्थांच्या शेजारी बसून शिकलो. पुढचे सर्व काम रजेच्या दिवशी, रीतसर अर्ज करून व नकलेची फी भरून केले आहे, हेही येथे नमूद करतो. नाहीतर उद्या कोणी म्हणायचे की कचेरीतला माणूस म्हणून याला कागद फुकट मिळाले.

शोध घेताना पहिली अडचण आडनावाची. जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतेच. 'अमुक बिन तमुक' असे असते. बिन म्हणजे मुलगा. बाई असेल तर 'अमुक कोम तमुक', म्हणजे तमक्याची बायको. आडनावे तर पालटतात. महात्मा फुल्यांचे घराणे साताऱ्याकडील कटगुणचे, मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून फुले झाले. आपल्याच जिल्ह्यातील कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या घराण्याचे मूळ आडनाव देसाई. तेव्हा आजचे आडनाव घेऊन जुन्या दप्तरात शिरणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो. शेताचे नाव घेऊन शिरावे. आमच्या शेताला आजही 'पांदीकडचे टिक्के' म्हणतात, उताऱ्यावर मात्र नुसता गट नंबर आहे. माणसे मेली, हद्दी मोजल्या, सर्व्हे नंबर पडले, गट पडले, चाहूर-बिघ्याचे एकर-गुंठे झाले आणि एकर-गुंठ्याचे हेक्टर-आर झाले, पण बायकामाणसांच्या तोंडी शेताचे नाव तेच राहिले. त्या नावानेच मला वाट दाखविली.

दुसरी अडचण सालाची. कोठे शक, कोठे फसली, कोठे सुहूर सन, आणि तोही आकड्यात नव्हे तर अरबी शब्दांत. शकात ७८ मिळवावे, फसलीत ५९०, सुहूर सनात ५९९. सुहूर सन मृग लागला की बदलतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. शेतकऱ्याला सोयीचे साल खरे तर तेच. 'खमस अर्बैन मयातैन व अलफ' हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मंत्र वाटला. खमस पाच, अर्बैन चाळीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे १२४५, इसवी १८४४-४५.

आणि नेमके हेच साल मला हवे होते. कारण गडकऱ्यांचे बंड त्याच साली झाले. त्याची हकिगत थोडक्यात अशी. महाराज लहान होते, इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांस कारभारी नेमले, त्यांनी वसुलाची व जमिनींची नवी घडी बसविण्यास घेतली. किल्ल्यांवरील गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली जाऊ लागल्या. चाकरीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या खात आलेल्या जमिनीत उद्या कोणीही कारकून येऊन हात घालणार, या धास्तीने १८४४ च्या पावसाळ्यात सामानगड व भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले. बेळगावाहून इंग्रजांची फौज आली. १३ ऑक्टोबर १८४४ रोजी सामानगड पडला, पुढे भुदरगड, आणि १ डिसेंबरला पन्हाळा. त्यानंतर वंशपरंपरेच्या शिबंद्या मोडण्यात आल्या व किल्ल्यांचे तट पाडले गेले. आपल्या तालुक्याच्या दृष्टीने हा मोठा प्रसंग आहे आणि त्याची आठवण जितकी व्हावी तितकी होत नाही. नेसरीच्या प्रतापराव गुजरांच्या १६७४ च्या बलिदानाची होते, तीही व्हावीच.

तर त्या सालच्या आपल्या गावच्या वसुलाच्या कागदात, पांदीकडच्या शेतापुढे, माझ्या पणजोबांच्या आजोबांच्या बापाचे नाव आहे आणि त्याखाली मुलाचे. बापाच्या नावापुढे 'उपरी' असा शब्द आहे. मिरासदार म्हणजे गावचा मूळचा हक्कदार, उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा. हेळव्याची वही खरी ठरली. सारा पुरा लावलेला आहे, कसलीही सूट नाही. गडकऱ्याची जमीन चाकरीबद्दल असे, तिला असा पुरा सारा नसतो. शिवाय मार्गशीर्षात हप्ता भरल्याची नोंद आहे. सामानगड पडून दीड-दोन महिने झालेले, मुलूख लष्कराने भरलेला, आणि आमचा माणूस जोंधळा विकून चावडीवर हप्ता मोजतो आहे. हा गडकरी नव्हे. त्या धामधुमीत त्याने पेरणी केली, राखण केली, सारा भरला. मला प्रथम वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? दोन दिवस कोणाला बोललो नाही.

यानंतर तीसेक वर्षांचे कागद मला मिळाले नाहीत. १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले, तेव्हा गावोगावचे दप्तर कुलकर्ण्यांच्या घरून सरकारात यावयाचे होते; पण बरेच वाड्यातच राहिले, आणि १९४८ च्या जाळपोळीत जे वाडे जळाले त्यांच्याबरोबर तेही गेले. ब्राह्मणांची घरे जाळली म्हणून कोणाला त्या वेळी काय वाटले असेल ते असो, आपल्याच आज्या-पणज्यांची नावे आपण जाळली हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

पुढचा कागद सरकारात नव्हे, आमच्याच घरी निघाला. माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती. तीत वडिलांच्या नोकरीचे कागद, आजोबांच्या सोसायटीच्या पावत्या आणि तळाशी फडक्यात बांधलेला एक तुकडा. मोडी म्हणून कोणी वाचला नव्हता, जुना म्हणून कोणी टाकला नव्हता. दसऱ्याला त्याची पूजा मात्र होई, कारण तो गडकरीपणाचा सनद-कागद अशी समजूत होती!

तो गहाणखत निघाला. शके १७९९, म्हणजे १८७७ साल. १८७६ चा पाऊस गेला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ आला, त्याची झळ आपल्या संस्थानच्या पूर्वेकडील भागाला लागली. पांदीकडचे शेत चतुःसीमेसह सावकाराकडे ७५ रुपयांस गहाण. लिहून देणार पुरुष नाही. 'अमुक कोम मयत अमुक', मूळपुरुषाची विधवा. कर्जाचे कारण लिहिले आहे, 'पोटास व बैलास व सरकार देण्यास'. आणि पुढे, 'पदरी अज्ञान मुलगे दोन', दोघांची नावे, एकाचे वय ११ व एकाचे ४. दोघांच्याही नावापुढे बिन म्हणून एकाच बापाचे नाव.

हे वाक्य मी त्या मोडीवाल्या गृहस्थांकडून तीनदा वाचवून घेतले. थोरला मुलगा म्हणजे माझे खापरपणजोबा. चार वर्षांचा तो धाकट्या पातीचा मूळपुरुष. बाप नुकताच मयत झालेला आणि मूल चार वर्षांचे. पाटाची संतती ही गोष्ट तेथेच संपली. खात्रीसाठी मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचे ते रजिस्टर पाहवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानांवर कारणाच्या रकान्यात एकाखाली एक 'ताप', 'ताप', 'ताप'. लिहिणाऱ्याने काही पानांनंतर नुसती खूण करण्यास सुरुवात केली आहे. त्यांत धाकटा आहे. वय ४५, बापाचे नाव तेच. १८७७ साली चार, १९१८ साली पंचेचाळीस. हिशेब बरोबर बसतो.

गहाणखताच्या खाली सहीच्या जागी शेतकरी पुरुष असेल तर नांगर काढीत आणि बाई असेल तर बांगडी. 'निशाणी नांगर', 'निशाणी बांगडी' असे शेजारी लिहीत. आमच्या कागदावर बोरूने काढलेले एक वाकडे वर्तुळ आहे. ती तिची सही. कागदाच्या पाठीवर दुसऱ्या शाईत 'रुपये भरून पावलो, शेत मोकळे केले', शके १८०८. म्हणजे १८८६-८७. नऊ वर्षे तिने ते शेत सावकाराच्या ताब्यातून सोडविण्यात घालविली. दोन पोरे घेऊन नऊ वर्षे तिने काय केले, कोणाच्या बांधावर खुरपले, हे कागदात येत नाही. शेत आले हे येते. दुसऱ्याच सालापासून खाते दोन्ही मुलांच्या नावे निम्मे-निम्मे आहे. मूळपुरुष मूळपुरुष म्हणून आम्ही ज्याचे नाव घेतो तो १८७७ च्या आधीच गेला. घर उभे राहिले ते हिच्यामुळे.

आता मंदिराकडे येतो. जुने देऊळ उतरविताना गाभाऱ्यापुढची दुसरी पायरी निघाली, तिच्यावर चुन्याचे थर होते. गवंड्याने टाकी मारताच अक्षरे दिसली. पहिले नाव झिजलेले, मग 'कोम', मग आमच्या मूळपुरुषाचे नाव आणि 'शके १८०८'. समितीतील पुष्कळांनी ते 'काम' असे वाचले, अमक्याने काम केले असे. मी कागद आणून दाखविला तेव्हा उलगडा झाला. शेत सुटले त्याच साली तिने देवाला पायरी घातली. ज्याच्या पायरीवर नाव असते त्याच्यावर भक्तांचे पाय पडावेत ही जुनी भावना होती, म्हणूनच नाव झिजले.

भावकीची बैठक चावडीत झाली. बऱ्याच वर्षांनी दोन्ही पाती एका जाजमावर बसल्या. मी सर्व कागद वाचून दाखविले, उपरीचाही. तात्या संतापले. म्हणाले, "गडकरी बी न्हाई आन्‌ मान बी न्हाई, मग आमचं ऱ्हायलं काय रं?" मी म्हणालो, "तात्या, शेत ऱ्हायलं की." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पान खाण्यास उठून गेले आणि बऱ्याच वेळाने परत येऊन बसले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे, त्यांनी सांगितलेल्या गोष्टींवर आम्ही वाढलो. त्यांना दुखविण्याची माझी इच्छा नव्हती. पण खोट्या गोष्टीपायी एक अख्खी पाती तीस वर्षे देवळाच्या बाहेर उभी राहिली होती, आणि ती गोष्ट आमच्या घरातून निघाली होती.

धाकट्या पातीतल्या थोरल्या काकी दाराशी बसल्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बांगडी हाय म्हनतोस न्हवं? दाव बगू." मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळ्यांशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "रांडमुंड बाई, हातात बांगडी न्हाई, आन्‌ कागदावर बगा कशी काडलीया." चावडीत बायका होत्या त्या रडल्या. आम्ही पुरुष छताकडे पाहत बसलो.

पालखीचा मान यापुढे एक वर्ष थोरल्या पातीकडे व एक वर्ष धाकट्या पातीकडे असे ठरले. ठराव मी लिहिला, तात्यांनी सही केली, पहिली. धाकट्या पातीची वर्गणी त्याच आठवड्यात आली आणि पावती पुस्तकात तिची नोंद आहे.

पायरीचे काय करावे यावर वाद झाला. काही तरुण मंडळींचे म्हणणे, नाव असलेला दगड भिंतीत उभा बसवावा, वर काच लावावी, म्हणजे कोणाचा पाय लागणार नाही. काकींनी नको म्हटले. तिने पाय पडावेत म्हणून घातली, ती पायरीतच असू द्या, असे त्यांचे म्हणणे पडले व ते सर्वांनी मानले. नव्या सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना तीन पायऱ्या आहेत. दोन नव्या ग्रॅनाइटच्या, मधली जुनी काळ्या दगडाची. कडेला चुन्याचा थोडा अंश अजून आहे, तो गवंड्याला मुद्दाम काढू दिला नाही.